पालथी होडी, अर्धं वाक्य

आधीच सांगते, कुणावर विसंबू न—

आमच्या घरात वाक्य संपेपर्यंत थांबायची पद्धत नाही. पहिले दोन शब्द कानावर पडले की पुढचं ज्याला त्याला कळलेलं असतं.

"मला चहा न—"

कप पुढे.

"उद्या मी घरी असणार ना—"

"बरं झालं. प्लंबर यायचाय."

नकार आपल्याकडे वाक्याच्या शेपटाला येतो. दुसऱ्या घरांत लोक शेपटापर्यंत थांबत असतील. आमच्याकडे तोवर सगळे कामाला लागलेले असतात, आणि मी 'नाही' तोंडात धरून उभी. चाळिशी उलटली तरी माझा एकही 'नाही' या घरात कुणाच्या कानापर्यंत पोचलेला नाही. त्यामुळे सगळ्यांचा समज असा की मी स्वभावाने फार गोड आहे.

एकाचीच वाक्यं पूर्ण होतात. दादाची. माझा थोरला भाऊ. त्याचं वाक्य निघतं, सावकाश चालतं, वाटेत खाकरतं आणि पूर्णविरामावर जाऊन मांडी घालून बसतं. कुणाची टाप नाही मध्ये बोलायची.

त्याचं त्या आठवड्यातलं पूर्ण वाक्य हे:

"रविवारी ती होडी धडधाकट गॅरेजबाहेर निघाली, तर मागच्या पत्र्याखाली ठेव, माझं काही म्हणणं नाही, पण उलटवताना फुटली, तर विषय संपला, लाकडं सरपणाला."

गॅरेज त्याच्या नव्या गाडीसाठी हवं होतं. गाडी अजून शोरूममध्ये होती, पण तिच्यासाठी आतापासूनच दारावर पाटी लागली होती: 'येथे वाहने उभी करू नयेत.' पाटीवरचं वाक्य मात्र पूर्ण होतं. दादाने लिहिलेलं.

होडी माझी आहे, कुणाच्या आठवणीबिठवणीची नाह—

लोकांना सांगितलं की मी एक जुनी होडी दुरुस्त करते आहे, की ते मान तिरकी करून विचारतात, "वडिलांची का?" नाही. वडिलांना बादलीभर पाण्याचीही भीती वाटायची. ही होडी एका लॉजच्या दारात कुंडी म्हणून ठेवलेली होती. आत माती, मातीत सदाफुली, सदाफुलीत सिगरेटची थोटकं. मालकाला विचारलं तर म्हणाला, न्या, पण माती आमची आहे. मग मी त्याची माती त्याला काढून दिली. गांडुळांसकट.

तळाच्या फळ्या भिजून केकासारख्या झाल्या होत्या. त्या मी बदलल्या. फटींत कापसाचा पीळ ठासला, वर लांबी भरली, घासलं, रंग दिला. हे सगळं होडी पालथी ठेवून, दोन लाकडी घोड्यांवर. इतके महिने मी तिची फक्त पाठ बघत होते. आता पोटातलं काम करायचं तर ती सुलटी हवी. ढकलगाडीवर चढवायची तरी सुलटीच हवी.

पाठ नवी, पण आतल्या बरगड्या जुन्याच. वाळून टोस्ट झालेल्या. अशी होडी दोन टोकांना धरून उचलली तर पिळवटते, आणि हातातून निसटून काठावर आपटली तर बरगड्या एकामागून एक बोलतात. म्हणून मी आतून दोन आडवे दांडे ठोकले होते, बाजू फाकू नयेत म्हणून. जमिनीवर गाद्या अंथरायच्या ठरवल्या होत्या. तुळईवरून दोर घेऊन खाली खांबाला दोन वेढे देऊन ठेवले होते. दोराचं एक टोक होडीच्या काठाला, दुसरं माझ्या हातात. कुणी काही वेडेपणा केला तर दोर ब्रेकसारखा लागावा.

कुणी काही वेडेपणा केला तर. हे मी 'तर' घालून म्हणत होते. माझा आशावाद बघा.

माणसं कमी नव्ह—

दादा. ओळख झालेली आहे.

भावजी. ताईचे यजमान. ताई स्वतः आली नाही, तिने तिच्याऐवजी हे पाठवले. माहेरच्या कामाला ती नेहमी जे नको असेल ते पाठवते. भावजींना जगातल्या प्रत्येक कामाची युक्ती माहीत आहे आणि प्रत्येक युक्तीची सुरुवात "सोप्पंय" अशी होते. मला ते अजून शेंडेफळ म्हणतात. शेंडेफळाच्या केसांत आता पांढरं दिसतं, पण फळ ते फळ.

कॅप्टन. शेजारचे. यांनी समुद्र पाहिलेला आहे, किनाऱ्यावरून, छत्रीखाली बसून. ऑफिसच्या कॅरम टीमचे ते कॅप्टन होते, तेवढ्यावर नाव पडलं आणि नाव पडल्यावर त्यांनी दाढी वाढवली. होडी म्हटल्यावर तर त्यांनी येताना गळ्यात शिट्टी अडकवून आणली. उंटावरचा शहाणा निदान उंटावर तरी बसलेला असतो.

वहिनी. दादाची बायको. गाद्या तिच्या. "जुन्या घेऊन जा गं," असं म्हणून तिने दिल्या आणि मग त्या जमिनीवर पडणार हे कळल्यावर त्यांच्यावर चादरी घालून आली. इस्त्रीच्या.

"वहिनी, यावर होडी ठेवायची आहे. माणूस नाही झोपणार."

"गादीला डाग पडले तर?"

"चादरीला पडतील."

"म्हणूनच जुनी चादर आणली," ती म्हणाली. "फक्त ही फुलांची नवी आहे. हिच्यावर नका ठेवू."

होडीसाठी अंथरलेल्या गादीवर होडी ठेवायची नाही. बरं.

नीट ऐका, मी पुन्हा सांगणार ना—

"सगळ्यांनी एक मिनिट ऐका. आधी आपण ती घोड्यांवरून उचलून खाली गाद्यांवर—"

"आणि उलटवायची," भावजी म्हणाले. "सोप्पंय."

"नाही. खाली ठेवायची, पालथीच. मग तुम्ही तिघांनी ही एक बाजू वर उचलायची, ती दुसऱ्या काठावर उभी राहीपर्यंत. तिथे थांबा—"

"थांबायचं कशाला? वेग आला की वेगातच—"

"भावजी, ही चपाती नाही."

कॅप्टनांनी शिट्टी वाजवली. कुणालाच कळलं नाही कशासाठी. त्यांनाही.

"थांबायचं," मी म्हटलं, "कारण एकदा ती मधली उभी अवस्था ओलांडून पुढे कलली, की ढकलण्याचं काम संपतं आणि झेलण्याचं सुरू होतं. म्हणून ती उभी असताना दोघांनी पलीकडे जायचं. एकाने इकडून धरून ठेवायचं. मग पलीकडच्यांनी हळूहळू खाली घ्यायची. ढकलायला सगळे आणि झेलायला कुणी नाही, असं व्हायला नको."

"हे ऑफिसमध्ये रोज होतं," दादा म्हणाला, पूर्णविरामासह.

"आणि शब्द चारच," मी म्हटलं. "उचला, थांबा, धरा, सोडा. पाचवा शब्द कुणी बोलायचा नाही. विशेषतः 'सोडू नका', 'ढकलू नका' असलं काही नाही. म्हणजे कुणी अर्धं ऐकलं तरी—"

"कळलं, कळलं," भावजी म्हणाले. "सोडायचं नाही, ढकलायचं नाही."

"तसं नाही, तसं *बोलायचं* ना—"

"हो गं. शहाण्याला शब्दाचा मार."

शहाण्याला. पालथ्या घड्यावर पाणी हे मी ऐकून होते. त्या रविवारी पालथ्या होडीवरही ओतून पाहिलं.

"आणि शब्द देणार कोण?" दादा म्हणाला.

"मी. होडी मी ओळखते."

"गॅरेज माझं आहे."

याचा एकमेकांशी काय संबंध, ते कुणी विचारलं नाही. शेवटी असं ठरलं की शब्द मी देणार आणि दादा ते मंजूर करणार. म्हणजे मी "उचला" म्हणायचं, मग दादाने "हं" म्हणायचं, मग उचलायचं. कॅप्टनांनी सुचवलं की दोन्हींच्या मध्ये शिट्टी असावी. मी त्यांच्याकडे पाहिलं. त्यांनी शिट्टी बनियनच्या आत टाकली.

उचला

(हे शीर्षक पूर्ण आहे, कारण एवढं एक काम पूर्ण झालं.)

"उचला."

"हं."

घोड्यांवरून होडी उठली, जरा डुगडुगली आणि गाद्यांवर बसली. आतले दांडे करकरले. बाकी काही नाही. मला खरंच वाटलं की जमतंय. वहिनीने फुलांच्या चादरीचं एक टोक काठाखालून ओढून बघितलं, ते आलं नाही. तिने माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं, जशी काही होडी मी तिच्या अंगावर ठेवली आहे.

"हिच्यावर नको म्हटलं होतं," ती म्हणाली.

या घरात 'नको' आणखी एका बाईला आहे, आणि तोही कुणी ऐकत नाही. हे तेव्हा माझ्या लक्षात यायला हवं होतं. मी म्हटलं, "वहिनी, बाजूला हो."

मग भावजींनी मधेच तळावर चापट मारली, टरबूज बघतात तशी. "दणकट केलीस हं, शेंडेफळ. पण रंग जरा गडद झाला."

"उचला."

"हं."

तिघांनी एक काठ उचलला. गुडघ्यापर्यंत, कमरेपर्यंत, छातीपर्यंत. मी दोर घेत गेले. खांबावरच्या वेढ्यांतून तो कुरकुरत येत होता. होडी खालच्या काठावर उभी राहायला लागली आणि मला इतक्या महिन्यांनी तिचं पोट दिसलं. त्या उजेडात, आडवं. लॉजच्या मातीचा रंग अजून बरगड्यांच्या कोपऱ्यांत होता. एका फटीत सदाफुलीचं वाळलेलं मूळ.

"थांबा."

"हं."

थांबले. अगदी नीट थांबले. मी अशी आश्चर्याने बघतच राहिले.

मधोमध बोलू न—

"आता दोघं पलीकडे. भावजी, कॅप्टन, या."

"म्हणजे सोडून?" भावजी.

"दादा धरेल. मी दोर धरलाय. एकेकाने या."

"दादांच्यावर एवढा भार?" कॅप्टन म्हणाले. "हे बरं नाही. वयाने मोठे आहेत."

"माझं वय काढायचं काम नाही," दादा म्हणाला. "मी एकटा धरीन."

"तसं नव्हे हो, पाठीचं वगैरे—"

"पाठ ठणठणीत आहे."

"मागे तुम्ही म्हणाला होतात, मणक्यात गॅप—"

होडी काठावर उभी. तिघं तिला धरून पाठीच्या मणक्यांवर चर्चा करताहेत. माझ्या हातात दोर. या तिघांना आयुष्यभर ढकलत राहायला सांगा, ढकलतील. पण पलीकडे जाऊन हात पसरून उभं राहायचं म्हटलं की यांना वय, मणका, अब्रू सगळं आठवतं. उचलली जीभ लावली टाळ्याला. होडी उचलण्यापेक्षा ती हलकी.

"माझ्या बोटांना रग लागली," भावजी म्हणाले. "शेंडेफळ, काय ते पटकन सांग. सोडू का?"

आणि तेव्हा मी वहिनीला पाहिलं.

होडी उभी राहिल्यावर फुलांची चादर मोकळी झाली होती. एक टोक काठाखाली, बाकी सगळी पलीकडच्या गादीवर पसरलेली. आणि वहिनी, जिला मी बाजूला हो म्हटलं होतं, ती पलीकडून, होडी जिथे पडणार बरोबर तिथे, गुडघ्यांवर बसून, डोकं आत घालून, दोन्ही हातांनी ते टोक ओढत होती. तिघांना ती दिसत नव्हती. मध्ये होडीचा तळ होता. माझा नवा, गडद रंगाचा तळ.

चार शब्द. उचला, थांबा, धरा, सोडा. मीच ठरवलेले. सकाळपासून मीच सगळ्यांना बजावलेले. यातला कुठलाही बरोबर शब्द एका दमात निघाला असता. 'धरा.' दोन अक्षरं. लहान मुलालाही येतं.

मी ओरडले:

"सोडू नका!"

सोडू

भावजींनी एवढंच ऐकलं. पुढचं त्यांना कळलेलं होतं.

त्यांनी हात झटकून सोडलं. "हुश्श," ते म्हणाले. कॅप्टनांनी भावजींना सोडताना पाहिलं आणि हुकूम झाला असं समजून तेही मागे सरले, वर शिट्टी वाजवली.

दादाने सोडलं नाही. त्याचं कौतुक करण्याची घाई नको. त्याने सोडलं नाही, कारण माझं वाक्य तो सुरुवातीपासूनच ऐकत नाही. त्याने अजून 'हं' म्हटलं नव्हतं, म्हणजे त्याच्या लेखी कुणी काही बोललेलंच नव्हतं. मंजुरीविना काही घडू शकतं, हे त्या माणसाला माहीत नाही. तो तसाच धरून उभा, आणि होडी त्याला घेऊन पुढे निघाली.

दोर माझ्या तळहातांतून पळाला. जळाल्याचा वास आला. तो माझाच होता. मी खांबाला पाय लावला आणि मागे झुकले, वेढे आवळले, दोर दातओठ खाल्ल्यासारखा कचकचला आणि होडी थांबली. कललेली, दादाच्या बोटांवर आणि माझ्या दोरावर लोंबकळत.

"वहिनी!"

"आले, आले," होडीखालून आवाज आला. "निघालीच बघ."

चादर निघाली. मागोमाग वहिनी निघाली. तिने चादर झटकली, घडी घातली, आणि मग वर मान करून पाहिलं की आपण कशाखाली होतो. तिचा चेहरा पांढरा पडला, चादरीच्या फुलांच्या मधल्या जागेसारखा.

"बाई गं," ती म्हणाली.

मी दोर हळूहळू सैल करत आणला, पण माझ्या हातातलं बळ संपलं आणि तो शेवटचा वीतभर सुटला. होडी खाली आली. आपटली नाही, पण बसलीही नाही. दोन्हींच्या मध्ये काहीतरी. धप्प झालं, आणि त्याच्या आत एक बारीक आवाज झाला, सुपारी फुटावी तसा.

होडी सुलटी. पोट वर.

नाही, असं बोलू न—

"वा!" भावजी म्हणाले. "म्हटलं होतं ना, सोप्पंय."

"तुम्ही सोडलंत का?" मी म्हटलं.

"तूच म्हणालीस."

"मी म्हणाले सोडू नका."

"ते मग म्हणालीस. आधी सोडू म्हणालीस."

"एकच वाक्य होतं ते!"

"मग एकदम बोलायचं ना."

कॅप्टन दाढी कुरवाळत होडीभोवती फिरले. "जहाजावर असं चालत नाही," ते म्हणाले. "जहाजावर एकच आवाज असतो." कॅरमच्या जहाजावर असेल.

मी बरगड्या बघितल्या. एकेकीवरून बोट फिरवलं. सगळ्या जागच्या जागी. आतले दांडे जागच्या जागी. तळ, जो मी बांधला, त्याला काही झालं नव्हतं. मग काठ बघत आले, आणि जिथे दोर बांधला होता तिथे काठाची पट्टी फाटली होती. हातभर लांब चीर, लाकडाच्या रेषेबरोबर गेलेली. दोराने होडी धरली आणि दोरानेच फाडली. दोर मी बांधला होता. शब्द मी बोलले होते. भावजींवर ओरडायला तोंड उघडलं होतं, ते आपोआप मिटलं. या घरचीच आहे मी, आणखी काय.

दादाने चीर माझ्याआधी पाहिली होती. तो बोटांवर फुंकर घालत उभा होता. भार त्याच्या नखांवर आला होता, दोन नखं आताच निळी दिसत होती. तो दुखतंय म्हणाला नाही. तो खाकरला.

हे खाकरणं मी ओळखते. याच्यामागून वाक्य येतं. सावकाश, पूर्ण, मांडी घालून बसणारं. आणि ते बसलं की उठत नाही. वहिनीची नोकरी अशाच एका वाक्याने संपली. वरच्या मजल्यावरच्या खोलीची खिडकी अशाच एकाने बुजवली.

"फुटली," दादा म्हणाला.

सगळे, भावजीसुद्धा, पूर्णविरामाची वाट बघू लागले, सवयीने.

"तेव्हा आता ठरल्याप्रमाणे," दादा म्हणाला, "विषय सं—"

"—संध्याकाळपर्यंत चिकटतो," मी म्हटलं. "इपॉक्सी घरात आहे. वहिनी, तो लाल डबा दे. भावजी, ढकलगाडी इकडे घ्या. कॅप्टन, दार पूर्ण उघडा, पाटीला धक्का लागू दे."

आणि सगळे हलले. आमच्या घराचा हाच तर गुण. अर्ध्या वाक्यावर सगळे कामाला लागतात; कुणाच्या, ते विचारत नाहीत. वहिनी डब्याकडे गेली, चादर खांद्यावर टाकून. भावजी गाडी घेऊन आले आणि म्हणाले सोप्पंय. कॅप्टनांनी दार उघडलं, पाटी खरंच पडली.

दादा तोंड उघडं ठेवून उभा होता. आत 'पला' अडकलेला. ती दोन अक्षरं बाहेर काढायला आता जागा नव्हती. न संपलेलं वाक्य आमच्याकडे बोललेलं धरत नाहीत. हा नियम मी केलेला नाही. मी फक्त चाळीस वर्षं त्याखाली राहिले आहे, पालथी.

पत्र्याखाली

होडी मागच्या पत्र्याखाली नेली. दिवसाच, सगळ्यांच्या देखत, पोट वर करून. वाटेत भावजींनी तीनदा युक्ती सांगितली. मग चहाला म्हणून सगळे आत गेले. भावजींनी ताईला फोन लावला आणि मोठ्याने सांगितलं की उलटवली, आपणच उलटवली.

दादा पत्र्याखाली आला. वाकून त्याने फाटलेल्या पट्टीवर अंगठा दाबला, मग उचलला. चीर उघडली. पुन्हा दाबला. मिटली. पुन्हा उचलला.

"बघ," तो म्हणाला. "फुटलेलीच आहे."

"दिसतंय."

"मी म्हणत होतो की—"

"दाबलायस तर तसाच दाब," मी म्हटलं. मी काडीने चिरेत इपॉक्सी भरत होते. तळहात सोलले होते, काडी धरवत नव्हती. "दोन्ही हातांनी. हं, असं. मी पट्टी आवळायला शिकंजे घेऊन येते."

त्याने दाबलं. निळ्या नखांनी. कडेने इपॉक्सीचा मणी वर आला, तो मी फडक्याने पुसला.

"किती वेळ?" त्याने विचारलं.

"मी येईपर्यंत सोडू—" मी म्हटलं.

तो माझ्याकडे बघत राहिला. वाट बघत. पहिल्यांदाच. भुवया वर, मान जरा पुढे, कान पूर्ण माझ्याकडे: सोडू काय? सोडू का? सोडू नको?

मी वाक्य तिथेच ठेवलं आणि शिकंजे आणायला गेले. आधी चहा पिऊन.